न पिकणारा मोत्या

इतिहासाच्या मास्तराने डोळ्यांच्या रोगावर बोलावे, हे थोडे उफराटेच आहे. अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी मुलांना सातवाहन, यादव, निजाम आणि इंग्रज शिकवतो. वैद्यकीचा परवाना माझ्याजवळ नाही. पण वाचकहो, राज्यांना जसा इतिहास असतो तसा रोगांनाही असतो, आणि एखादा रोग माणसाला कळत कसा गेला याची हकीकत पानिपतच्या बखरीइतकीच रंगते. आज ज्या रोगाची हकीकत सांगणार आहे त्याला आपण काचबिंदू म्हणतो. या रोगाने माझ्या घरात पाऊल टाकले, म्हणून मी त्याच्या मागे लागलो. ती गोष्ट आधी ऐका.

माझे मामा दर्यापूर तालुक्यातले. कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. गडी असा की अमावास्येच्या रात्री बंडी हाकीत घरी यावे. १९९२ च्या सुमारास ते बंडी रस्त्याच्या कडेला घालू लागले. मग एकदा गोठ्यात शिरताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला, दुसऱ्यांदा बैलाचे शिंग लागले. समोरचे मात्र चांगले दिसे. पोथी वाचता येई, सुईत दोरा ओवता येई. गावातल्या जाणत्याने डोळ्यात पाहिले आणि सांगितले, "मोत्या हाय. आजून पिकला नाही. पिकू द्या, मंग काढून टाकू." मामांनी दोन वर्षे मोत्या पिकण्याची वाट पाहिली. संत्र्याची वाट पाहावी तशी, अगदी निश्चिंत. १९९४ च्या दिवाळीनंतर त्यांना अमरावतीस आणले, तेव्हा डॉक्टरांनी बाहुलीतून आत उजेड टाकला, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, "हा मोतीबिंदू नव्हेच. काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची नस जवळजवळ वाळली. गेलेली नजर आता परत यायची नाही."

मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवले की माणसाला पुन्हा दिसू लागते, उशिराने काढले तरी बहुधा दिसते. काचबिंदूत भिंग स्वच्छ असले तरी मागची नस मरते. नस एकदा मेली की जगातला कोणताही शस्त्रवैद्य ती जिवंत करू शकत नाही. म्हणजे मामा ज्याच्या पिकण्याची वाट पाहत होते ते कधी पिकणारच नव्हते, आणि वाट पाहण्याचे प्रत्येक वर्ष त्यांच्या नजरेतून वजा होत होते.

आता या गफलतीचा दोष एकट्या त्या जाणत्याला देता येत नाही. दोन हजार वर्षे भल्याभल्यांनी हीच गफलत केली आहे. आपल्याकडे वाग्भटाने दृष्टी जाण्याच्या पायऱ्या सांगितल्या, तिमिर, मग काच, मग लिंगनाश. त्यातला 'काच' हा शब्द आपल्या 'काचबिंदू'त येऊन बसला, पण वाग्भटाचा काच बराचसा मोतीबिंदूच्या वाटेवरचा आहे. ग्रीकांचीही तीच तऱ्हा. त्यांनी बाहुलीत निळसर-हिरवी झाक दिसली की त्या रंगाच्या शब्दावरून रोगाला नाव दिले. तेच आज इंग्रजीत 'ग्लॉकोमा' म्हणून चालते, आणि त्या नावाखाली त्यांनी काय काय कोंबले होते ते सांगणे कठीण. सुश्रुताने मात्र एक गोष्ट नेमकी टिपली. त्याने 'अधिमंथ' नावाचा रोग सांगितला आहे. डोळा जणू रवीने घुसळला जातो, अर्धे डोके ठणकते, आणि उपचार चुकला तर पाच, सहा, सात रात्रींत दृष्टी जाते. कफाचा असेल तर सात, रक्ताचा असेल तर पाच, वाताचा असेल तर सहा, आणि पित्ताचा असेल तर तत्काळ. आजचा नेत्रवैद्य हे वर्णन वाचून म्हणतो की हा तर एकाएकी उसळणारा काचबिंदू. पण मामांचा काचबिंदू तसा नव्हता. तो ठणकला नाही, लाल झाला नाही, पाणावला नाही. चोराच्या पावलांनी आला. असा मुका काचबिंदू सुश्रुतालाही दिसला नसावा, कारण तो पाहायला डोळ्याच्या आत डोकवावे लागते.

आत डोकावण्याची युक्ती १८५१ साली निघाली. जर्मनीतील हेल्महोल्ट्स या शास्त्रज्ञाने एका छोट्या उपकरणाने डोळ्यात उजेड टाकून मागचा पडदा आणि नसेचे तोंड प्रथमच जिवंत माणसात पाहिले. त्याआधी १८३० साली ग्लासगोच्या मॅकेन्झी नावाच्या वैद्याने लिहून ठेवले होते की या रोगात डोळा बोटाला कठीण लागतो. म्हणजे आत पाण्याचा दाब वाढलेला असतो. दोन्ही गोष्टी जुळल्या. दाब वाढतो, आणि नसेचे तोंड वाटीसारखे खोल जाते. १८५७ साली बर्लिनच्या फॉन ग्रेफेने बुबुळाच्या रंगीत पडद्याचा, म्हणजे कनीनिकेचा, एक तुकडा कापून काही रुग्णांचा दाब उतरवून दाखवला. युरोपभर जयजयकार झाला. हजारो वर्षांत प्रथमच काचबिंदूवर काही चालले होते. पण लवकरच ध्यानात आले की ठणकणाऱ्या काचबिंदूला हा उपाय लागू पडतो आणि मुक्या काचबिंदूला पडत नाही. का, ते कोणालाच सांगता येईना.

इथे आपल्या देशाचे नाव येते. १९०२ च्या कराराने वऱ्हाड निजामाकडून कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला, त्याच सुमारास मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट नावाचा अधिकारी प्रमुख झाला. माणूस मोठा चौकस. सापांच्या विषावर त्याने संशोधन केले. आपल्याकडचे फिरते वैद्य सुईने मोत्या खाली ढकलीत, त्यातून डोळ्यांचे काय होते यावर १९१८ साली पुस्तकच लिहिले. त्या सुईवैद्यांचे कित्येक रोगी पुढे काचबिंदूनेच आंधळे होत, हे त्याने जवळून पाहिले होते. १९०९ साली त्याने मद्रासमध्ये एक नवी शस्त्रक्रिया सुरू केली. काळ्या आणि पांढऱ्या बुबुळाच्या सांध्यावर एका बारीक नळीदार पात्याने गोल भोक पाडायचे, म्हणजे आतले पाणी वरच्या पातळ कातडीखाली झिरपते आणि दाब उतरतो. मद्रासची ही रीत पुढे लंडन-न्यूयॉर्कपर्यंत पोचली आणि अनेक वर्षे चालली. पुढे १९६८ साली केर्न्स यांनी जी सुधारलेली शस्त्रक्रिया आणली आणि जी आजही होते, तिचाही विचार मुळात हाच. नाला बुजला असेल तर दुसरी वाट काढून द्या.

पण नाला बुजतो कशाने? खरी गोष्ट इथे सुरू होते, आणि ती सांगण्यासाठी थोडे आत शिरले पाहिजे.

डोळ्याच्या पुढच्या भागात, काळे बुबुळ आणि भिंग यांच्यामध्ये, स्वच्छ पाणी असते. हे अश्रू नव्हेत. अश्रू बाहेरचे, हे आतले. भिंगाला आणि काळ्या बुबुळाच्या काचेला रक्तवाहिन्या नाहीत, त्यांना अन्न या पाण्यातून मिळते. कनीनिकेच्या मागे ते तयार होते, दर मिनिटाला एका थेंबाचा जेमतेम विसावा हिस्सा, आणि बाहुलीतून पुढे येऊन कडेच्या कोपऱ्यातून निचरून जाते. दीड-पावणेदोन तासांत सारे पाणी बदलते. कोपऱ्यात पाण्याला एका जाळीदार गाळणीतून जावे लागते, आणि गाळणीच्या पलीकडे वर्तुळाकार कालवा आहे. तो १८३० साली श्लेम या शरीरशास्त्रज्ञाने दाखवला, म्हणून श्लेमचा कालवा. तिथून पाणी रक्तात मिसळते. आवक आणि निचरा यांचा मेळ बसला की दाब ठीक. निचरा अडला की दाब वाढतो आणि त्याचा भार मागे नसेवर पडतो.

ठणकणाऱ्या काचबिंदूत कनीनिकाच पुढे सरकून गाळणीच्या तोंडावर बसते, जसा विहिरीच्या पन्हळीवर पालापाचोळा बसावा. तो तुकडा कापला की वाट मोकळी. फॉन ग्रेफेचे यश इतकेच होते. मुक्या काचबिंदूत कोपरा सताड उघडा असतो आणि तरी पाणी जात नाही. हे दोन प्रकार कोपऱ्यात डोकावून स्पष्ट वेगळे केले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑटो बार्कनने, १९३८ साली. म्हणजे ग्रेफेनंतर ऐंशी वर्षांनी!

मी हे सारे वाचून काढले तेव्हा मामांची दृष्टी बरीच गेली होती, पण बोलण्याची हौस होती. एकदा त्यांच्या ओट्यावर बसून मी त्यांना गाळणी, कालवा, निचरा समजावून सांगितले. म्हणालो, मामा, कालवा मोकळा आहे, तोंड उघडे आहे, पण मधल्या जाळीतून पाणी मुरतच नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हंजे बापू, माह्या डोयातबी खारपानच हाय म्हन ना."

मंडळी, मी चाट पडलो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, भातकुली, पूर्णेच्या दोन्ही अंगांचा हा खारपाणपट्टा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, कित्येक तर त्यातच राबत असतील. तिथे जमिनीला उतार असतो, नाला असतो, आणि तरी पावसाचे पाणी दिवसेंदिवस वावरात उभे राहते. कारण मातीतच आहे. सोडियमच्या क्षारांनी तिचे बारीक कण पाण्यात फुगतात, सुटे होतात, आणि कणांमधल्या सूक्ष्म पोकळ्या लिंपून टाकतात. नाला कितीही खोदा, वावराच्या मधली माती पाणी सोडत नाही. डोळ्याच्या संशोधकांनी ज्या प्रश्नावर शंभर वर्षे घालवली त्याचे मर्म मामांनी ओट्यावर बसून सांगितले होते. बिघाड भोकात नसून भोकांभोवतीच्या मातीत आहे.

तर ही माती कोणती?

आपले शरीर पेशींचे बनले आहे, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण नुसत्या पेशींचे शरीर उभे राहणार नाही, जशा नुसत्या विटांची भिंत उभी राहत नाही. दोन पेशींच्या मध्ये पेशींनीच विणलेले एक द्रव्य असते. त्यात कोलॅजेनचे बळकट दोर असतात, इलॅस्टिनचे ताणले जाणारे धागे असतात, फायब्रोनेक्टिन आणि लॅमिनिन अशी सांधणारी, चिकटवणारी प्रथिने असतात, आणि या सगळ्यात पाणी धरून ठेवणारी साखरेच्या जातीची बुळबुळीत द्रव्ये असतात. यालाच पेशीबाह्य द्रव्य म्हणावे. हाडात ते दगडासारखे, कातडीत चामड्यासारखे, डोळ्यात कुठे काचेसारखे तर कुठे मऊ जाळीसारखे. डोळ्यातल्या गाळणीचे धागे याच द्रव्याचे, आणि त्या धाग्यांवर पेशींचे पातळ अस्तर. त्या पेशी गाळणीच्या राखणदार. आलेला कचरा गिळायचा, जुने धागे तोडायचे, नवे विणायचे. कापडाच्या मागावर एकीकडे विणकर आणि दुसरीकडे उसवणारा असे जन्मभर बसलेले असतात म्हणा ना. विणणे आणि उसवणे बरोबरीने चालले की पाणी बरोबर मुरते.

हे कळायला सुरुवात झाली ती गुरांच्या डोळ्यांपासून. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गुरांच्या डोळ्याच्या मागच्या भागातील लिबलिबीत द्रवातून एक नवे द्रव्य वेगळे काढले. त्याला हायलुरॉनिक आम्ल म्हणतात. पाण्याला धरून फुगणारे हे द्रव्य पुढे शरीरात ठिकठिकाणी सापडले. वीस वर्षांनी, १९५४ साली, स्वीडनमधील उप्साला येथे बाराणी यांनी एक साधा पण फार मोलाचा प्रयोग केला. गुरांचे काढलेले डोळे घेतले, त्यांच्यातून पाणी वाहवले, आणि त्यात हायलुरॉनिक आम्ल विरघळवणारे एक पाचक द्रव्य सोडले. निचऱ्याचा अडथळा लक्षात येण्यासारखा उतरला. म्हणजे पाणी अडत होते ते पेशींमधल्या चिखलाने! माणसाच्या डोळ्यात हाच प्रयोग तितका सरळ उतरला नाही, हेही सांगितले पाहिजे. शास्त्रात एक खिडकी उघडली की लगेच दार सापडतेच असे नाही. पण पाहायचे कुठे, हे ठरले. अमेरिकेत मॉर्टन ग्रँट यांनी मृत व्यक्तींचे डोळे घेऊन गाळणी बारीक पात्याने कापली आणि १९६३ साली मांडले की निचऱ्याच्या एकूण अडथळ्यापैकी सुमारे ७५ टक्के त्या एवढ्याशा जाळीत आहे.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आले. जर्मनीतील एर्लांगेन येथे रोहेन आणि एल्के ल्युट्येन-ड्रेकोल यांनी काचबिंदूच्या रुग्णांच्या गाळण्या आणि त्याच वयाच्या निरोगी माणसांच्या गाळण्या शेजारी ठेवून तपासल्या. काचबिंदूत धाग्यांभोवती जाड आवरणाची किटणे साचलेली दिसली. वयाबरोबर थोडी सर्वांच्याच डोळ्यात साचतात, काचबिंदूत फार साचतात. राखणदार पेशीही कमी होतात. विणकर जोरात आणि उसवणारा सुस्त, असा प्रकार झाला.

विणकराला कोण डिवचतो? १९९४ साली शिकागोत काम करणारे भारतीय वंशाचे रमेश त्रिपाठी आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवले की काचबिंदूच्या अनेक रुग्णांच्या डोळ्यातील पाण्यात टीजीएफ-बीटा-२ या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले असते. हे प्रथिन शरीरात जखम भरून काढताना कामी येते. 'विणा, विणा' असा हुकूम ते पेशींना देते. जखम झाली तेव्हा तो हुकूम हवाच, व्रण भरतो. पण जखम नसताना गाळणीत तो हुकूम चालू राहिला तर फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजेन साचत जाणार, धागे एकमेकांना घट्ट बांधले जाणार आणि जाळी ताठरणार. उलट बाजूने १९९८ साली ओरेगॉनमधील टेड अ‍ॅकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत ठेवलेल्या मानवी गाळणीत उसवणाऱ्या विकरांचे बळ वाढवून निचरा वाढवून दाखवला. ते बळ अडवले की निचराही घटला. मामांच्या खारपाणाला हा प्रयोगशाळेतला दाखला.

नसेच्या तोंडाशीही अशीच दुसरी चाळणी आहे, बरे का. नसेचे दहा-बारा लाख धागे डोळ्याबाहेर पडतात ते कोलॅजेनच्या एका सच्छिद्र चकतीतून. दाब वाढला की ही चकती मागे वाकते, तिची भोके तिरपी होतात आणि धागे चिमटले जातात. आधी जातात ते कडेची नजर वाहणारे. मधली नजर शेवटपर्यंत टिकते, आणि कडेच्या रिकाम्या जागा मेंदू आपल्या मनाने भरून काढतो. म्हणून पोथी वाचणारे मामा चौकटीला आपटत होते. पुढच्या नि मागच्या अशा दोन्ही चाळण्यांचा कस एकाच जातीच्या प्रथिनांवर ठरतो, हे मला या साऱ्या इतिहासात फार विलक्षण वाटते.

आता जी गोष्ट सांगतो तिच्याकडे शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी विशेष लक्ष द्यावे.

१९४९ साली अमेरिकेत हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णांना कॉर्टिझोन दिले आणि ते उठून चालू लागले. दुसऱ्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेरॉइड जातीचे हे औषध डोळ्यातही येऊन पोचले, आणि लाली, सूज, खाज याला असा उतार पडे की जादूच. पण १९५४ साली बेल्जियमच्या फ्रांस्वा यांनी सांगितले की हे थेंब फार दिवस घालणाऱ्यांचा डोळ्याचा दाब चढतो आणि काचबिंदूसारखीच नस वाळते. पुढल्या दशकात अमेरिकेत आर्माली आणि बेकर यांनी पद्धतशीर मोजमाप केले. सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत काही आठवड्यांच्या वापराने दाब कमी-अधिक वाढतो आणि शंभरांत पाचेक लोकांत फारच वाढतो. कोणात वाढेल हे तोंडावर लिहिलेले नसते. स्टेरॉइडने गाळणीतल्या पेशी फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन आणि कोलॅजेन जादा विणू लागतात नि उसवणे मंदावते. औषधाच्या बाटलीतून खारपाण आत जाते, असेच म्हणा.

याच धाग्यावरून एक मोठा शोध लागला. कॅलिफोर्नियात पोलान्स्की आणि त्यांचे सहकारी गाळणीच्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांवर स्टेरॉइड घालीत होते, तेव्हा त्या पेशी एक अपरिचित प्रथिन भरमसाट करू लागल्या. तिकडे आयोवात एडविन स्टोन आणि त्यांचे सहकारी अशा घराण्यांचा अभ्यास करीत होते, ज्यांत तरुणपणीच काचबिंदू होई आणि बापाकडून मुलाकडे जाई. १९९७ साली दोन वाटा एकत्र आल्या. त्या घराण्यांतला बिघडलेला जनुक त्याच प्रथिनाचा निघाला. त्याला आता मायोसिलिन म्हणतात. काचबिंदूच्या शंभर रुग्णांत जेमतेम तीन-चारांत हा बिघाड सापडतो, म्हणजे सारा रोग यातून उलगडला असे मुळीच नाही. पण काचबिंदू घराण्यात चालतो ही गोष्ट मात्र त्याहून पुष्कळ व्यापक आहे. ज्याच्या आई-बापाला किंवा सख्ख्या भावंडाला तो आहे त्याला धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक.

स्टेरॉइडची गोष्ट मला वर्गात भेटली. माझा एक विद्यार्थी बाळापूरकडचा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी गाठतो, धूळ उडते, आणि काही मुलांचे डोळे दरसाल खाजतात, लाल होतात, चिकट दोरीसारखी घाण येते. या मुलाला आठवीपासून हा त्रास. कोणीतरी एकदा थेंब दिले, दोन दिवसांत आराम पडला, आणि मग रिकामी बाटली दुकानात दाखवून नवी आणायची असा परिपाठ झाला. चार उन्हाळे. बाटलीवरचे नाव घरात कोणी वाचले नाही. वाचले असते तरी कळले नसते. फळ्यावरचे सारे त्याला दिसे. सायकल मात्र दोनदा डाव्या बाजूच्या माणसावर घातली. मला मामांची बंडी आठवली. नेत्रतज्ज्ञाकडे नेले तर डोळ्याचा दाब तिशीच्या वर, डाव्या डोळ्याच्या नसेचे तोंड पोखरलेले. थेंब बंद केले, दुसरे औषध दिले, काही आठवड्यांत दाब उतरला. डावीकडचा जो तुकडा गेला तो गेला. वय वर्षे अठरा.

स्टेरॉइडचे थेंब वाईट, असे मी म्हणत नाही. काही दुखण्यांत ते नजर वाचवतात, आणि डॉक्टर दाब मोजीत मोजीत ते देतात. दुकानातून आपल्या मनाने महिनोन्महिने आणणे घातक आहे. वर्गात जे मूल उन्हाळाभर डोळे चोळते आणि ज्याच्या खिशात थेंबांची बाटली असते, त्याच्या बाटलीवरचे नाव गुरुजींनी एकदा वाचावे आणि शेवटची तपासणी कधी झाली ते विचारावे. माझ्या विद्यार्थ्याच्या शाळेत हे कोणी विचारले नाही, आणि दोन वर्षे मीही विचारले नाही.

हा रोग आपल्या मुलखात किती? वऱ्हाडाचे नेमके उत्तर मजजवळ नाही, पण शेजारच्या नागपूर जिल्ह्यात फार मेहनतीची पाहणी झाली आहे. २००६ ते २००८ या काळात नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांनी आठ खेड्यांतील तीस वर्षांवरील ४७११ माणसांचे डोळे तपासले. शेतकरी, मजूर, आपल्यासारखीच माणसे. त्यांत डोळ्याचा सरासरी दाब साडेतेराच्या आसपास भरला आणि काळ्या बुबुळाची काच युरोपीय लोकांपेक्षा पातळ निघाली. काच पातळ असली की यंत्र दाब खरा असतो त्याहून थोडा कमी दाखवते. दहा ते एकवीस हा दाब ठीक, अशी रीत पुस्तकांत पडली आहे, पण भारतातल्या पाहण्यांत पुष्कळ काचबिंदू-रुग्णांचा दाब तपासणीच्या दिवशी एकवीसच्या आतच आढळला. म्हणून नुसता दाब मोजून 'ठीक आहे' म्हणणे पुरे नाही, नसेचे तोंडही पाहिले पाहिजे. दक्षिणेकडील पाहण्यांत तर असे आढळले की काचबिंदू असलेल्या दहांपैकी नऊ जणांना आपल्याला तो आहे याची गंधवार्ताच नव्हती.

औषधांची हकीकत थोडक्यात सांगतो. १८७७ पासून पिलोकार्पिनचे थेंब होते, १९७८ च्या सुमारास टिमोलॉल आले. ते आवकच कमी करते. खरे नवल १९९६ साली आलेल्या लॅटानोप्रॉस्टचे. त्यामागे लास्लो बितो हे संशोधक होते. मूळचे हंगेरीचे, १९५६ च्या उठावानंतर देश सोडून अमेरिकेत आलेले. हे औषध डोळ्यातल्या एका स्नायूमधील उसवणाऱ्या विकरांना जागे करते. ती विकरे कोलॅजेन विरळ करतात आणि स्नायूच्या धाग्यांमधून पाण्याला दुसरी वाट मिळते. आज ते जगभर वापरतात, आपल्याकडेही मिळते. गाळणीवर सौम्य लेसर मारून तिच्या पेशींना पुन्हा कामाला लावण्याची रीतही आता रुळली आहे. मात्र यातले काहीही गेलेली नस परत आणीत नाही. आहे तेवढे राखते.

मामा त्यानंतर अठरा वर्षे जगले. शेवटची काही वर्षे अंगणातून कोण गेले हे पावलांवरून सांगत. त्यांच्या आजाराचे नाव कळल्यावर घरातल्या सर्वांचे डोळे तपासावे, हे आम्हाला कोणी सुचवले नाही, आणि आम्हालाही सुचले नाही. पुष्कळ उशिरा, वर सांगितलेले घराण्यांचे प्रकरण वाचताना, माझ्या ध्यानात आले की मामांची सख्खी बहीण म्हणजे माझी आई. ती कुरकुरत होती, "मले चांगलं दिसते, काहून नेतो मले?" तरी नेले. दोन्ही नसांची तोंडे संशयास्पद निघाली, कडेच्या नजरेत नुकताच एक बारीक डाग पडू लागला होता. तेव्हापासून रोज रात्री नऊला ती उशीवर मान टाकून एकेक थेंब घालून घेते. हात थरथरतो म्हणून बाटली मी धरतो. थेंब गालावर ओघळला तर पैशाचा थेंब वाया गेला म्हणून माझ्यावर रागावते. मागच्या महिन्यातल्या तपासणीत तिचा दाब चौदा होता, आणि डाग वाढलेला नव्हता.